हस्तलाघव

'लाघव' हा शब्द आपल्या भाषेत किती अंगांनी वावरतो, हे पाहण्यासारखे आहे. मूळ शब्द 'लघु', म्हणजे हलके. त्यापासून 'लाघव', म्हणजे हलकेपणा. पण मराठीने एवढ्यावर समाधान मानलेले नाही. जादूगाराच्या बोटांत हस्तलाघव असते, थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगणाऱ्या लेखकाजवळ शब्दलाघव असते, आणि ज्याला नाही म्हणणे जिवावर येते अशा माणसाला आपण लाघवी म्हणतो. जोर न लावता जे साधते, ते सारे या एका शब्दात येते. अमेरिकेत गळाने मासे धरण्याच्या एका रीतीला 'फिनेस' असे नाव आहे. शब्द मूळचा फ्रेंच. त्याला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो तेव्हा लाघवाहून नेमका शब्द आम्हांला सुचला नाही. गळ आणि लाघव यांची सांगड वाचकांना प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु ही विद्या आम्ही ज्याच्याकडून शिकलो आणि ज्या कारणाने शिकलो, ते सांगितल्यावर कदाचित तसे वाटणार नाही.

गरी आम्हांला नवी नव्हे. आम्ही मांडवीकाठचे. आमच्या गावी खाजन शेतीचे बांध होते, बांधाला मानस होती, आणि तिथीवरून भरतीओहोटीची वेळ तोंडपाठ सांगणारी माणसे होती. मानशीच्या तोंडाशी बसून गरवणे हा आम्हा दोघा भावांचा सुटीतला उद्योग. बांबूची काठी, तंगूस, गरी आणि गरीला लावलेले सुंगट एवढ्या सामग्रीवर पालू मिळे, तामसो मिळे, आणि दैव उघडले तर चोणक. मासा लागला की काठी हिसकावून तो बांधावर आपटायचा, ही आमची पद्धत. त्यात लाघव नव्हते. पण संध्याकाळच्या कालवणाची सोय होती, आणि आईची अपेक्षा तेवढीच असे.

आमचे धाकटे बंधू पुढे अभियंता होऊन अमेरिकेस गेले आणि टेक्सास राज्यातील डलास शहराच्या उपनगरात स्थायिक झाले. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात हृदयविकाराने ते अकस्मात गेले. मागे भावजय आणि बारा वर्षांचा मुलगा. आईने वर्षभर धीर धरला. मग ती एकच गोष्ट म्हणू लागली, की पोराला आणि सुनेला घरी आणावे. घर मोठे आहे, शाळा आहे, आपली माणसे आहेत. परक्या मुलखात त्या दोघांनी एकटे का राहावे? तिच्या म्हणण्यात चूक काढण्यासारखे काहीच नव्हते. भावजय मात्र द्विधा मनःस्थितीत होती. तिची तेथे नोकरी आहे. तिने दूरध्वनीवर आम्हांला सांगितले, "भावोजी, तो माझ्याशी बोलेनासा झाला आहे. शाळा सुटली की काठी घेऊन तळ्यावर जातो, काळोख पडल्यावर येतो. तुम्ही एकदा या. तुमच्याशी बोलला तर बोलेल."

गेल्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही गेलो. निघताना आईने बजावले, "त्याला घेऊनच ये." आमच्या बॅगेत शाळाप्रवेशाचा कोरा अर्ज होता.

मुलगा उंच झाला होता, वडिलांसारखा दिसू लागला होता. त्याने वाकून नमस्कार केला, "काका, प्रवास बरा झाला ना?" असे विचारले, आणि त्यानंतर तीन दिवस 'हो' आणि 'नाही' याखेरीज त्याचा शब्द आमच्या कानी पडला नाही. तेहतीस वर्षे मुलांत काढल्यामुळे एवढे आम्हांला ठाऊक होते, की गप्प मुलाला प्रश्न विचारून बोलते करता येत नाही. चौथ्या दिवशी तो काठी घेऊन निघाला तेव्हा आम्ही फक्त एवढेच विचारले, "बाब, आम्ही बरोबर आलो तर चालेल?" त्याने क्षणभर पाहिले आणि दुसरी काठी आत जाऊन आणली. ती त्याच्या वडिलांची होती. मग त्यानेच सांगितले, की सतरा वर्षांखालील मुलांना या राज्यात परवाना लागत नाही, पण तुम्हांला लागेल. तो आम्ही रीतसर काढला. त्या दिवसापासून रोज सायंकाळी आमची शिकवणी सुरू झाली. शिक्षक तेरा वर्षांचा, विद्यार्थी छप्पन्न वर्षांचा.

तेथील लोक ज्याच्यामागे वेडे आहेत तो मासा म्हणजे 'लार्जमाउथ बास', मोठ्या तोंडाचा बास. आपल्या चोणकालाही इंग्रजीत 'सी बास' म्हणतात. पण ही नुसती नावाची बहीणभावंडे, कूळ निराळे. हा मासा गोड्या पाण्यातला. अंगाचा रंग शेवाळी हिरवा, कुशीवरून एक काळसर पट्टा गेलेला, आणि जबडा असा, की तोंड मिटलेले असतानाही त्याची कड डोळ्याच्या मागे जाते. बुडालेले झाड, पाणवनस्पतींची कड, धक्क्याची सावली अशा ठिकाणी तो दबा धरून असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो चावत नाही. तोंड एकाएकी उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. आणि नको असले तर तितक्याच झटक्यात बाहेर टाकतो. या शेवटच्या वाक्यात सगळी विद्या आहे, हे आम्हांला पुढे उमगले.

त्याला भुलवायला जिवंत आमिष न वापरता मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ वापरतात. या गांडुळाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. मोटारींच्या रबरी टायरांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथील निक क्रीम या गृहस्थांनी आपल्या पत्नी कॉस्मा यांच्या साहाय्याने १९४९ साली घरच्या घरी प्रयोग करून खऱ्या गांडुळासारखे मऊ, लवचिक गांडूळ साच्यात ओतले. पुढे त्यांचा कारखाना टेक्सासातील टायलर या गावी गेला. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे मिश्रण तापवून साच्यात ओतायचे, ही कृती आजही बहुतेक तीच आहे. काही गांडुळांत मीठही मिसळतात. त्याने वजन येते, आणि माशाला चव लागून तो आमिष क्षणभर अधिक तोंडात धरतो, असे मानतात. लाकडी वा धातूचे आमिष त्याच्या तोंडात गेले की त्याला लगेच कठीण लागते. मऊ गांडूळ मात्र त्याला खाद्यासारखेच वाटते. गरवणाऱ्याला जो वेळ मिळतो, तो या एका मऊपणामुळे.

लाघवाची ही रीत कधी वापरायची, हेही मुलाने सांगितले. पाणी निवळशंख असेल, ऊन कडक असेल, वारा पडला असेल, किंवा तळ्यावर इतकी माणसे येऊन गेली असतील की मासा शहाणा झाला असेल, तेव्हा मोठी, चमकणारी, खळखळ करणारी आमिषे फुकट जातात. मग सारेच लहान आणि हलके करायचे. सहा ते आठ पौंड ताण सोसणारा बारीक तंगूस, नाजूक टोकाची काठी, चार बोटांएवढे गांडूळ. जपानमधील तळ्यांवर अशी गर्दी फार. म्हणून या विद्येतील बऱ्याच युक्त्या तिकडून आलेल्या आहेत.

युक्त्या अनेक, पण त्याने आम्हांला तीन शिकवल्या. पहिलीत गरी गांडुळाच्या मधोमध आडवी टोचतात. तेथे तिला 'वॅकी', म्हणजे खुळी म्हणतात, आणि दिसतेही ती खुळचट. पण पाण्यात सोडली की गांडूळ आडवे राहून संथपणे खाली जाते आणि त्याची दोन्ही टोके आपोआप थरथरतात. आपण काही करायचे नाही. दुसरीत तंगुसाच्या अगदी शेवटी वजन बांधतात आणि त्याच्या वर वीतदीड वीत अंतरावर गरी. वजन तळाशी टेकते, गांडूळ अधांतरी राहते, आणि काठीचे टोक नुसते कापले तरी ते जागच्या जागी नाचते. ही 'ड्रॉप शॉट'. ती जपानमधून १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली. तिसरी रीत कॅन्ससमधील नेड केडी या लेखकाच्या नावाने ओळखली जाते. अळिंबीच्या टोपीसारखे चपटे, दोन ग्रॅमांच्याही आतले वजन असलेली गरी घ्यायची, आणि तिच्यावर पाच इंची गांडुळाचा अर्धा तुकडा चढवायचा. तो तुकडा तरंगणाऱ्या जातीचा असला तर तळाशी टेकल्यावर शेपूट वर करून उभा राहतो. अर्ध्या बोटाचा हा ठोकळा पाहून आम्हांला हसू आले. मुलगा हसला नाही. "काका, याला काही करायला लागत नाही. म्हणून तो चांगला," तो म्हणाला. त्याचे हे पहिले लांब वाक्य.

ही तिसरी रीत त्याला का प्रिय होती, ते थोड्या दिवसांनी कळले. त्याच्या डब्यात वडिलांनी आणून ठेवलेली गांडुळांची काही पाकिटे होती. 'ग्रीन पम्पकिन' नावाचा भोपळ्याच्या सालीचा रंग, त्यात काळे ठिपके. मऊ वस्तू दोनचार माशांनंतर फाटतेच. फाटलेले गांडूळ पाण्यात टाकायचे नाही, मासे ते गिळतात आणि ते पोटात पचत नाही, हा तेथील जाणत्या लोकांचा नियम. मुलगा ती एका बाटलीत जमवीत असे. पण टाकून द्यायला नव्हे. फाटलेला भाग कात्रीने कापून उरलेला धड तुकडा तो त्या छोट्या गरीवर चढवी. त्या तुकड्याचेही तोंड फाटले की आणखी अर्धी पेर कापी. अशा रीतीने एकेक गांडूळ तो महिनोन्‌महिने पुरवीत होता. नवी पाकिटे बाजारात मिळतात, आणि त्याची आई ती आणून द्यायला तयार होती. त्याविषयी आम्ही काही बोललो नाही.

गरी टाकणे जमायला आम्हांला दोन दिवस लागले; न ओढणे जमायला आठवडा. लहानपणीचा हात होता, टोच लागली की काठी उचले. आणि टोच तरी कसली! कधी तंगूस खाली जाता जाता मध्येच थांबे. कधी वारा नसता बाजूला सरके. कधी वजन नाहीसे झाल्यासारखे वाटे. हाताला कळण्याआधी ते डोळ्याला दिसे. "ओढू नका, काका. त्याला वाटू द्या," मुलगा हळूच म्हणे. मग तंगुसाचा ढिलावा सावकाश गुंडाळून घ्यायचा, आणि माशाचे वजन काठीवर आले की काठी नुसती एका अंगाला कलती करायची. गरी इतकी बारीक आणि तीक्ष्ण असते की झटक्याची गरज नाही. झटक्याने उलट बारीक तंगूस तुटतो, नाहीतर आमिष माशाच्या तोंडातून निसटते. आम्ही त्याच्या वडिलांबरोबर मानशीवर कसे गरवीत होतो, हे आम्ही सांगितले तेव्हा त्याने विचारले, "बाबा पण ओढायचे?" "सर्वांत जोराने तेच ओढायचे," आम्ही म्हणालो. त्याला ते फार आवडले. एक गोष्ट आमच्या ध्यानी आली होती : तो एरवी इंग्रजीमिश्रित बोले, पण गळाच्या आकड्याला मात्र 'गरी'च म्हणे. तो शब्द त्याला घरातून मिळाला होता आणि त्याने दुसरा घेतला नव्हता.

आम्हांला मिळालेला पहिला बास दीड पौंडाचा असेल. मुलाने आधी स्वतःचे हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचे बुळबुळीत आवरण निघते आणि त्याला रोग जडतो. मग खालचा ओठ अंगठ्यात धरून गरी सोडवली आणि मासा पाण्यात सोडून दिला. आमच्यासारख्या मासळीवर वाढलेल्या माणसाला ते पाहून चुकल्यासारखे झाले, हे प्रांजळपणे सांगायला हवे. तेथे ही रीत रुळली त्यालाही इतिहास आहे. बास धरण्याच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी १९७२ पासून स्पर्धेतील मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची प्रथा घातली, आणि हळूहळू ती स्पर्धेबाहेरही मान्य झाली. एका रविवारी भावजयीने आम्हांला डलासच्या पूर्वेस असलेल्या लेक फोर्क या जलाशयावर नेले. १९८० साली धरण पुरे झाले तेव्हा आतले जंगल बरेचसे तसेच ठेवले, त्यामुळे पाण्यातून वठलेल्या झाडांचे बुंधे अजून वर आलेले दिसतात. तेथे सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणजे जोमात आलेली, वीण वाढवणारी पिढी पाण्यातच राहते. असा नियम आपल्या खाड्यांवर कोणी घातला तर काय गहजब होईल, याची कल्पना करून आम्ही मनाशी हसलो. पण शहाणपण त्यात आहे.

एका सायंकाळी काठालगतच्या उथळ पाण्यात इवल्याशा पिल्लांचा एक काळसर ढग हलताना दिसला. त्याच्याखाली एक मध्यम आकाराचा बास होता. आम्ही गरी टाकण्यासाठी काठी मागे नेली, तोच मुलाने आमचा हात धरला. "तो नको. तो बाबा आहे."

मग त्याने एका दमात सर्व सांगितले. वसंतात पाणी कोमट झाले की नर शेपटीने तळ झाडून वाटीसारखे घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र पहारा करीत राहतो. शेपटीने वारा घालून अंड्यांवरचा गाळ उडवतो, पिल्ले निघाल्यावरही त्यांच्याभोवती फिरतो, आणि या काळात तो फारसे खात नाही. गरी मात्र घेतो. भुकेने नव्हे, घरट्याजवळ आलेली वस्तू हुसकावण्यासाठी. तेवढ्यात त्याला वर काढले तर टपून बसलेले दुसरे मासे क्षणात घरटे लुटतात. म्हणून त्याचे वडील अशा माशावर गरी टाकीत नसत. "मग पिल्लांचे पुढे काय होते?" आम्ही विचारले. "थोडे दिवसांनी तो जातो. मग ती आपली आपण राहतात," तो म्हणाला, आणि पाण्याकडे पाहत राहिला. आम्हीही पाहत राहिलो. त्या दिवशी आम्ही पुन्हा गरी टाकली नाही.

आमचा मुक्काम संपण्यास पाच दिवस उरले होते. बॅगेतला अर्ज बॅगेतच होता. भावजयीने एकदा नजरेने विचारले, आम्ही मान हलवली. शेवटी मुलानेच विषय काढला. तंगूस पाण्यात होता आणि त्याची नजर तंगुसावर होती.

"काका, आजीनं आम्हांला तिकडे राहायला बोलावलंय ना?"

"हो."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू विचारलेस की सांगायचे, असे ठरवले होते."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईचं काम इथे आहे. माझी शाळा इथे आहे. आणि बाबांची माणसं तिकडे आहेत, पण बाबा मला इथलेच माहीत आहेत."

यावर तेहतीस वर्षांच्या अनुभवातून देण्याजोगे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि देण्याची आवश्यकताही वाटली नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "जून महिन्यात आमची शाळा बंद असते. तेव्हा ती मानस असते का?" आम्ही सांगितले, की मानस बारा महिने असते, पण जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की नवे पाणी शेतांतून धावू लागते आणि त्या पाण्यावर मासे वर चढतात, त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि रात्री कंदील घेऊन अख्खा गाव बाहेर पडतो. "मला ते बघायचंय," तो म्हणाला. "पण परत यायचं." आम्ही म्हटले, "परत यायचे."

घरी आल्यावर आईला हे सर्व सांगणे भाग होते. ती वळईवर बसून ऐकत होती. मुलगा येणार नाही, हे तिला पहिल्या वाक्यातच कळले असावे. तरी तिने मध्ये अडवले नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, ते तिने पुसले. नातवाचे म्हणणे तिला पटले असे नाही, अजूनही पटलेले नाही, आणि आम्हीही ते पटवण्याच्या भरीस पडलो नाही. मग तिने विचारले, "धरलेला मासा परत पाण्यात सोडतो म्हणालास, ते खरं?" आम्ही होय म्हणालो. "येऊ दे जूनमध्ये," ती म्हणाली. "इथं मी सोडू देणार नाही."

प्रवेशाचा तो अर्ज आम्ही शाळेच्या कपाटात परत ठेवून दिला. येत्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मायलेक दोघे येतील. तिकिटे काढून झाली आहेत. त्याने कळवले आहे, की तो आपल्या गऱ्या आणि अर्धी गांडुळे घेऊन येणार आहे, आणि चोणक ती घेतो की नाही ते त्याला पाहायचे आहे. मानशीजवळचा बांध गेल्या पावसात एका जागी खचला आहे. तो भरून घेण्याविषयी गावकऱ्यांशी बोलणे चालू आहे. पाऊस लागण्यापूर्वी ते काम व्हायला हवे.